तिसावा फॉर्म

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पोरं भुताच्या गोष्टी सांगायला बसली की मी घोरायला लागायचो. घोरणं हा माझा जुना गुण... आणि हे प्रकरणही सुरू झालं ते झोपेतूनच.

मी पालघरला एका कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, राहायला बोईसरला भाड्याच्या खोलीत. गेल्या हिवाळ्यात दोन पेपर एकदम अंगावर आले. एक सेमिनारचा, आणि दुसरा माझा प्रबंध – सुकी मासळी विकणाऱ्या बायकांची पाहणी. दिवसभर कॉलेज, मग चिंचणीला मुलाखती, संध्याकाळी खोलीवर टायपिंग. दमणूक इतकी, की एकदा संदर्भसूचीत दोन पुस्तकांच्या मधे 'भेंडी अर्धा किलो' टाइप करून माझ्या गाइड मॅडमना पाठवून दिलं होतं.

तीस फॉर्म भरायचे होते, एकोणतीस झाले होते. तिसाव्यासाठी त्या गुरुवारी चिंचणीला जायचं ठरलेलं. पण बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाची रांग बघितली आणि पाय परस्पर खोलीकडे वळले. म्हटलं, एकच तर राहिलाय... घरीच भरू!

साडेसातला खाटेवर बसून मी एक बाई जन्माला घातली. वय बहात्तर, विधवा, सुनेजवळ राहते, चाळीस वर्षं बोंबील सुकवते. शेवटचा प्रश्न होता – आणखी काही सांगायचं आहे का? तिथे पोचेपर्यंत माझा डोळा लागला. रूममेट फॅक्टरीतून आला, त्याने गदागदा हलवलं. "ओ प्रोफेसर, पेन तो छोड दे!"

गालावर शाई, आणि रकान्यात माझ्याच अक्षरात एक ओळ – 'सुनेला सांगा, सुई तांदळाच्या डब्यात आहे.'

भेंडीचंच भावंड, दुसरं काय! हसलो, तारीख टाकली, फॉर्म बॅगेत कोंबला. मॅडम सुट्टीवर होत्या, त्यामुळे तो तीन आठवडे तिथेच पडून राहिला.

परत आल्यावर मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. "ही सुई कसली रे? नीट विचारून ये. फोटोही आण."

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "हो मॅडम."

त्याच दुपारी चिंचणीला गेलो. बेत असा, की कुठल्यातरी आजीच्या हातात सुई द्यायची आणि फोटो काढायचा. बांबूंवर बोंबील टांगत असलेल्या एका बाईला विचारलं, "मावशी, सत्तरीच्या पुढची, सुनेजवळ राहणारी कोणी आजी आहे का इथे?"

"अख्खा गाव भरलाय असल्या आज्यांनी. नाव काय तिचं?"

"नाव लिहीत नाही आम्ही. नंबर असतो."

"नंबर? आमी काय गाड्या हाव?" ती हसली. "आमची सासू पन तशीच व्हती. परवाच बारावं झालं. काय सांगलंन तुला तुज्या आजीनं?"

मी ती ओळ वाचून दाखवली. तिच्या हातातले बोंबील खाली पडले.

"ती बोललीच नाय रे... दसऱ्याला लकवा मारला, तवापासून वाचा गेली."

पुढचं तिने घराकडे जाता जाताच सांगितलं. सासू सारखी तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवायची. ही मऊ भात करून भरवायला जायची, तर म्हातारी ताट लोटायची, रडायची. "लोकं बोलली मला. सुनेनं उपाशी मारली म्हने."

तिने अख्खा डबा चादरीवर उपडा केला. "वरून नवा तांदूळ ओतीत गेले, तळ कधी पायलाच नाय," असं पुटपुटत हाताने चाचपत राहिली. तळाच्या तांदळात जाळं विणायची लाकडी सुई होती, निळा दोरा अजून गुंडाळलेला. सासरा तिच्या लग्नाआधीच समुद्रात गेला होता, परतला नव्हता. त्याची सुई.

ती खालीच बसली. सुईवरचे तांदूळ झटकत म्हणाली, "म्हंजे भूक नव्हती तिला."

फोटो काढायचं धाडस झालं नाही. मी सगळं कबूल केलं – मी आलोच नव्हतो, बाई बनवलेली होती, ओळ झोपेत लिहिली. दुसऱ्या दिवशी मॅडमनाही तेच सांगितलं. प्रबंधात आता एकोणतीसच फॉर्म आहेत.

गावात कुठे कानावर पडलं असेल म्हणावं, तर सांगणार कोण? घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिला बोलता येत नव्हतं. ती ओळ माझ्या हातून कशी उतरली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पण त्या दिवशी सुनेने फॉर्मवरची तारीख बघितली आणि बोटांवर दिवस मोजले. मी लिहिल्यानंतर म्हातारी नऊ दिवस जिवंत होती. तिने मान वर केली.

"मग तवा का नाय आलास?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. मी दमलो होतो.