नव्या कंप्यूटरातली जुनी खोली

छापखान्यात शाई नि किस्से कितीही पुसा, कुठेतरी लागलेले राहतातच. देवासच्या आमच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवतो. शिक्षण सातवी, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून सुटली. मला टायपिंगचा एकच प्रोग्राम येतो, तोही माझ्यासारखाच जुना. तो बंद पडला, की मी घरी.

*

मालक दिनूभाऊंनी नवा कंप्यूटर आणला, त्याला चालवणारी यंत्रणाही नवी, नवं लिनक्स. माझा प्रोग्राम उघडेचना. पत्रिका दुसऱ्या प्रोग्रामात उघडली, तर अक्षरांऐवजी नुसते चौकोन. सरदारपूरचं गिऱ्हाईक बघत राहिलं. म्हणालं, "भिया, छोरा माझा चांगला आहे. त्याच्या नावाच्या जागी खिडक्या कायको लावल्या?"

दिनूभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी टोपी उचलली.

*

मग त्यांची भाची मृणाल धारहून आली. कंप्यूटरचंच काम करते. तिनं नव्या लिनक्सच्या पोटात जुन्या लिनक्सची एक खोली बांधली आणि प्रोग्रामला तिथे नेऊन बसवलं. त्याला वाटतं, आपण जुन्याच घरात आहोत.

"म्हणजे थाप मारलीस त्याला?"

"हो काका. पण प्रेमानं."

जन्मभर थापा मारल्या मी. थापेवर कुणाचं पोट चालताना पहिल्यांदा पाहिलं, तेही माझंच.

*

पुढे दिनूभाऊंनी सहज अपडेटचं बटण दाबलं. खोलीला कुलूप! मृणाल धारहून फोनवर एकेक इंग्रजी अक्षर सांगे, मी शोधून शोधून दाबी. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, प्रत्येक अक्षराला शिवी नका देऊ. त्यानं वेळ लागतोय."

*

एका रविवारी मी तिला फोन केला. "प्रोग्राम गेला गं, घरी ये, लवकर." खरं तर आमच्याकडे दाल-बाफले होते, आणि बोलावून ही पोरगी कधी जेवायला येत नाही.

आली. लॅपटॉप नव्हता. पिशवीतून रिकामा डबा काढून बायकोला म्हणाली, "काकू, मामाच्या वाटचे यात भरा."

*

परवा दिनूभाऊ तिला म्हणाले, "नवा प्रोग्राम बाकी सगळ्यांना जमतो. त्या जुन्यासाठी तू दर अपडेटला राबतेस. किती दिवस जगवायचं त्याला?"

मृणालनं मान वर केली नाही. "मामा, त्याच्यावर एक यूझर आहे."

"कोण गं?" मीच विचारलं.

"काका, चहा गार होतोय."