वाटणं रिपोर्टात येत नाही

मला ल्युपस आहे; या आजारात शरीर स्वतःच्याच किडनीच्या जिवावर उठतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून दर महिन्याला मी लघवीची बाटली घेऊन बुलढाण्यातल्या एका लॅबमध्ये जाते. तिथला लॅबवाला ती उजेडात धरतो, हलवतो, फेस बघतो. माझ्या तोंडाकडे बघत नाही.

"मला बरं वाटतंय," मी सांगते.

"वाटून काय होते, मॅडम? वाटणं रिपोर्टात येत नाही."

जवळच्या उंद्री गावाला त्याची कपाशी आहे. एकदा मी विचारलं, "बोंडं फोडून पाहिली का? अळी आहे म्हणतात सगळीकडे."

"काऊन फोडू? बीटी बियाणं हाये. अळी लागत नाही, पाकिटावर लिहेल हाये. झाड पाहा न, कसं हिरवंगार!"

पुढच्या महिन्यात रिपोर्ट घ्यायला गेले, तर काउंटरवर त्याच्या शेतातलं एक हिरवं बोंड होतं. त्याने ते नखाने फोडून दाखवलं. आत सरकी पोखरून गुलाबी अळी आरामात बसलेली.

मग रिपोर्टचा कागद हातातच धरून त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्हाले बरं वाटून राह्यलं ना?"

"वाटण्याचं सोडा," मी म्हटलं. "कागद द्या."