सोपेच्या तेलाची बाटली

मंडळी, आज दुपारी कळंबला आमच्या घरी गंमतच झाली. लेकीनं पुण्याहून सोपेच्या तेलाची बाटली पाठवली. नुकतंच जेवण झालं होतं. सोप म्हणजे आपली बडीशेपच की, म्हणून दोन थेंब तोंडात टाकणार, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आण्णा, ते पिऊ नका! लई जहाल असतं. थेंबभर खोबरेलात कालवून पोटावर चोळायचं. नुसतं लावलं तर आग होती."

मी बूच लावलं. वास मात्र घरभर राहिला.

लग्नाआधी रोज जेवणानंतर ती म्हणायची, "आण्णा, हात करा." आन तळहातावर चिमूटभर सोप ठेवायची.

आज फोन ठेवल्यावर बघितलं, तर माझा हात पुढंच होता.

तुमच्या हातावर सोप ठेवणारं कुणी घरात हाय का? असलं तर आज सोपेचा डबा स्वतः उघडू नका.