काकांच्या स्वप्नातली वेटोळी

माझी मावशी रफूचं काम करते. सिगारेटनं कोटाला पडलेलं भोक असो की कसरीनं खाल्लेली शाल, ती आधी ते कापड उजेडात धरून बराच वेळ नुसती बघत बसते. मग त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढते आणि भोक असं भरते की गिऱ्हाईक घरी जाऊन ते बोटानं शोधत बसतं. बोलण्यात मात्र ती अजिबात मऊ नाही. नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले त्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "पसारा कर, उशिरा ऊठ, मी काही म्हणणार नाही. पण ताटात टाकलेलं मला चालणार नाही." मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि माझी भूक दांडगी आहे, त्यामुळे आमचं जमलं.

तिचे यजमान, माझे काका, घरं रंगवायचे. रंगाऱ्याला घाई चालत नाही असं ते म्हणत, आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्याच बाबतींत लावून घेतली होती. मोजे घालायलासुद्धा त्यांना अर्धी सकाळ लागायची. मावशी चिडायची, ते हसायचे, आणि मोजा अर्ध्यावरच राहायचा.

मग त्यांना ताप आला. तो पाहुण्यासारखा आला आणि घरातल्यासारखा राहिला. शेवटी गेला तेव्हा काकांच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. सूप दिलं तर म्हणायचे, गरम पाणी आहे. पाव दिला तर म्हणायचे, ओला पुठ्ठा आहे. तक्रार नसायची त्यात. भिंतीला ओल आहे हे सांगावं तशा आवाजात सांगायचे आणि ताटली हळूच बाजूला सारायचे. आधी चव गेली, मग चवीच्या मागोमाग भूकही गेली. मावशी दर थोड्या दिवसांनी त्यांच्या पँटची कंबर आत घ्यायची, काही न बोलता, इतक्या बारीक टाक्यांनी की त्यांना कळू नये. कळत होतं अर्थात.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. चव परत येईल किंवा येणार नाही, ते सांगता येत नाही, म्हणाल्या. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या तपासणीला आल्यावर घरी सोडणार नाही, नाकातून नळी घालावी लागेल.  घरी परतल्यावर जिना चढताना काका मध्येच थांबून मला म्हणाले, "नळीचं मला भय वाटतं गं. एकदा घातली की माणूस मग पिंपासारखा होतो. वरून भरायचा." मी त्यांच्या हातातली औषधांची पिशवी घेतली.

त्यानंतर एका सकाळी ते उठून बिछान्यात बसले होते. खिडकीतून उजेड नुकता आत येत होता, तो पातळ दुधासारखा पांघरुणावर सांडलेला. काका त्याच्याकडे बघत, अजून अर्धे झोपेतच असल्यासारखे म्हणाले, "तू वेटोळी केली होतीस. संत्र्याची. फार छान लागली."

मावशीच्या हातातला कप बशीवर वाजला. "लागली म्हणजे?"

"लागली म्हणजे लागली. आंबटसर. जरा कडवट. मी शिडीवर होतो, भिंत पिवळीधमक होती आणि तू खालून एकेक हातात देत होतीस."

वेटोळी म्हणजे आमच्या घरातलं तळण. मैद्यात गरम तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ, साखरेचं कोमट पाणी. पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवायचं, मग त्याच्या लांब वळ्या करून दोन-दोन एकमेकींत पिळायच्या, टोकं चिमटीत दाबायची आणि मंद आचेवर सोडायची. बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ. माझी आजी करायची, तिची आई करायची, आणि त्यात कुणी कधी दुसरं काही घातलेलं नव्हतं. लहानपणी मी एकदा दालचिनी घालू का असं विचारलं होतं, तर मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं होतं जणू मी आजीचा फोटो विकायला काढलाय.

त्या सकाळी तीच मावशी संत्री घेऊन आली.

पहिला घाणा फुकट गेला. ओली साल पिठात गेल्यामुळे तेल अंगावर उडायला लागलं आणि सालीतला पांढरा भाग राहिल्यामुळे वेटोळी कडूजहर झाली. मावशीनं ती माझ्यासमोर सरकवली. "टाकायचं नाही," म्हणाली. मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं नुसती वरवरची साल किसली, खिडकीत वाळवली, हातावर चुरली आणि पिठात घालून ते चांगलं तिंबलं. तेल शांत राहिलं. स्वयंपाकघरभर असा वास पसरला की मी कामावर जायला निघालेली दारात पायताण घालून तशीच उभी राहिले. काकांनी एक वेटोळं उचललं, चावलं, डोळे मिटले. आमचा दोघींचा जीव टांगणीला.

"पुठ्ठा," ते ओशाळून म्हणाले. मग मावशीचा चेहरा बघून घाईघाईनं, "पण चांगला पुठ्ठा आहे. कोरडा."

माझा स्वप्नांवर विश्वास नाही. मला पडतात ती बस चुकल्याची पडतात आणि उठल्यावर खरंच चुकते. पण मावशीचं डोकं वेगळं चालतं. तिचं म्हणणं असं, की झोपेत चव लागते म्हणजे चव अजून त्यांच्यात कुठेतरी आहे, धागा शिवणीत असतो तशी. नीट ओढता आली पाहिजे.

तेव्हापासून आमच्या घरात सकाळी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम झाला. काका जागे होत असताना मावशी बिछान्याशी बसून राहायची. ते डोळे उघडण्याआधीच बोलायला लागायचे आणि ती ऐकायची, मध्ये मध्ये हळूच विचारायची. त्या वेळेला ती कुणी दुसरीच बाई वाटायची. एका स्वप्नात ते रिकाम्या घरात होते, सगळ्या खिडक्या उघड्या, बागेत कुणीतरी पाला जाळत होतं, आणि वेटोळ्यांना धुराची आणि करपलेल्या साखरेची चव होती. मावशीनं साखर कढईत काळपट होईपर्यंत जाळली, त्यात पाणी ओतून तेच पिठाला वापरलं. ती वेटोळी तेलात पडताक्षणी काळवंडायला लागली, मग आच अगदी बारीक करून ती तासभर कढईपाशी उभी राहिली. दुसऱ्या एका स्वप्नात नुसतं गवत होतं आणि गवताची चव. त्या दिवशी आम्ही पुदिना खाल्ला.

आणि एकदा ते म्हणाले, "आज बाबांच्या कोटाच्या खिशाची चव होती."

माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी हात टेकले असते. मावशी जराही हलली नाही. "खिशात काय असायचं?"

"पुदिन्याच्या गोळ्या. कॉफीच्या बिया, ते चघळायचे. आणि... लोकर. जुनी लोकर."

"लोकर मला करता येणार नाही," ती गंभीरपणे म्हणाली, "बाकीचं बघते." दुपारी तिनं कॉफीच्या बिया भाजून कुटल्या, पुदिना वाळवला, आणि लोकरीच्या जागी म्हणून तीळ करड्या रंगावर भाजून घातले. तीळच का, ते तिलाच ठाऊक. वेटोळी तळून होतायत तेवढ्यात खालचा किल्लीवाला वासावर वर आला. हा माणूस कुलुपं दुरुस्त करतो आणि आमच्याकडे तळण असलं की नेमकी त्याला आमच्या कुलपाची काळजी वाटते. त्यानं एक वेटोळं तोंडात टाकलं, चावता चावता कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "वहिनी, वाईट नाही हं. पण कुणाचा तरी कोट खाल्ल्यासारखं वाटतंय."

काका ताडकन उठले. इतक्या दिवसांत ते असे उठलेले आम्ही पाहिले नव्हते. "जमलं! अगं, जमलं तुला!" त्यांनी किल्लीवाल्याचा हात हातात घेतला, कोट कुठल्या रंगाचा वाटला तेही विचारलं. मावशी हसली, पदर तोंडावर घेऊन हसत राहिली, आणि मग काकांनी स्वतः एक तुकडा तोंडात ठेवला आणि थोड्या वेळानं तो नुसताच गिळला. किल्लीवाला आणखी दोन घेऊन गेला. मला त्याचा रागच आला. ज्याच्यासाठी केलं त्याला काही नाही आणि हा जिन्यानं शीळ घालत उतरतोय.

तपासणीचा दिवस जवळ आला. मावशीचं रफूवरही लक्ष लागेना, एक कोट तिनं दोनदा उसवला. काका रोज एखादं वेटोळं खायचे, तिच्यासाठी, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून जुना रंग बरा आहे म्हणावं तसे. आरशासमोर ते उभेच राहत नसत. आम्ही सगळेच एका लांबलेल्या सकाळीत अडकल्यासारखे वागत होतो. हळू बोलायचो, हळू चालायचो, जणू धक्का लागला तर ती स्वप्नंही सांडतील.

तपासणीच्या आदल्या दिवशी काका उशिरा उठले. मावशी नेहमीच्या जागी बसली होती. त्यांनी डोळे उघडले, पण बोलेनात.

"आज काय होतं?" तिनं विचारलं.

"काही नाही. मी आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो होतो. समोर ताटली, तीही रिकामी. चव नाही, वास नाही. नुसता बसलो होतो." आणि मग तिचा हात धरून म्हणाले, "स्वप्नातही गेली गं."

 मावशी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि परातीत मैदा घेतला. दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं, मला कळत होतं. मी कामावर जायचं सोडून दारात उभी राहिले. तिनं मोहन घातलं, नुसतं पाणी घातलं आणि मळायला लागली. ना साखर, ना मीठ. मी सांगणार होते, पण तिची पाठ बघून राहू दिलं. तिनं वळ्या केल्या, पिळल्या, तेलात सोडल्या. बुडबुड्यांचा बारीक आवाज तेवढा घरात होता. काका भिंतीला धरून धरून आले आणि स्टुलावर बसले. सवयीनं तिनं पहिली चार वेटोळी त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता कढईकडे वळली. डोळे पुसले असावेत.

मी काकांकडे बघत होते. त्यांनी एक उचललं आणि खाल्लं. मग दुसरं उचललं. फुंकर घालायलाही थांबले नाहीत, चटका बसला तसा श्वास आत ओढला आणि चावत राहिले.

मावशी झारा घेऊन वळली. ताटलीत एकच उरलं होतं. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी मान हलवली, मी नाही.

"कशी लागली?" तिनं विचारलं. 

"कशीच नाही," काका म्हणाले.

"मग खाताय कशाला? माझ्यासाठी नका खाऊ."

काकांनी आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाची असावीत तसं. "तुझ्यासाठी नाही," ते हळूच म्हणाले. "मला भूक लागलीय."

 मावशीच्या हातातल्या झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं.

"स्वप्नातही भूकच लागली असणार," ते म्हणाले. "चव शोधत बसलो, कळलंच नाही मला. आणखी आहेत ना?"

"अहो, मग सकाळीच सांगायला काय झालं होतं!" ती त्यांच्यावर कडाडली आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. रडता रडताच तिनं पुढची वेटोळी तेलात सोडली. काकांनी ताटलीतलं शेवटचं उचललं आणि स्टूल कढईच्या जवळ सरकवलं.