मिरचीच्या चक्कीवरचं उटणं

परवा उटण्याच्या सामानाची पुडी फोडली आणि नागरमोथ्याच्या वासासरशी माझे डोळे गच्च मिटले.

लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासुरवाडी नंदुरबारजवळची. सासूबाईंनी उटणं मिरचीच्या चक्कीवर दळून आणलं होतं, हे मला मेव्हण्यानं ते अंगभर चोळल्यावर कळलं. तांब्याभर पाणी पडताच अंगातून चर्र आवाज आला, शपथ! पण नवा जावई ओरडणार कसा? दात आवळून पाटावर बसून राहिलो.

"काय तेज चढनं जवाईबापूस्ना तोंडवर!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"उटण्याचाच गुण," मी म्हणालो.

काल बायको म्हणाली, "यंदा आपला जवाई येनार शे. उटनं जपीसन दळी आना."

मी पिशवी उचलली. सासूबाईंच्या गावची ती मिरचीची चक्की अजून चालू आहे.