मागील भार

दुचाकीच्या मागच्या सीटला कोणी 'उशी' म्हटलं की मावशींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "उशीवर डोकं ठेवतात," त्या म्हणायच्या, "आणि तुम्ही माणूस ठेवणार आहात. अख्खं. त्याला बैठक म्हणायचं."

मावशी सीट शिवायच्या. मोटरसायकलच्या सीट, तीस वर्षं. दुकान शोरूमच्या मागच्या गल्लीत, दहा फूट बाय चौदा. दारात शिलाई यंत्र, भिंतीशी रेक्झिनच्या गुंडाळ्या, माळ्यावर फोमचे ताव, आणि कोपऱ्यात एका बुटक्या लाकडी चौकटीत चाळलेली ओली वाळू. दारावरची पाटी नवऱ्याच्या नावाची, आणि पुढे 'आणि मुलगे'. मुलगे नव्हतेच. दोन मुली होत्या, दोघी शिकून आपापल्या नोकरीला लागल्या. पाटी रंगवणाऱ्यानं आपल्या मनानंच ते लिहिलं होतं. "सगळेच लिहितात, पुढेमागे होतील," म्हणाला. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "कारागीर कुठे गेलेत?"

"तुमच्याशी बोलताहेत," मावशी दाभण न थांबवता सांगायच्या.

त्या वाळूची गंमत अशी, की एकदा शेजारच्या बांधकामावर एक गवंडी वाळूच्या ढिगावर बसून चहा प्यायला आणि उठून गेला. मागे दोन खळगे राहिले, स्वच्छ, ठसा मारल्यासारखे. माणूस बसतो तो मांसावर नाही, दोन हाडांवर, हे मावशींना त्या दिवशी कळलं. तोपर्यंत नवरा नजरेनं माप घ्यायचा आणि लोकही नजरेनंच समाधान मानून घ्यायचे. मावशींनी चौकट करून घेतली. गिऱ्हाईकाला वाळूवर एक पातळ फडकं टाकून बसवायचं, हातात वर्तमानपत्र द्यायचं, पहिलं पान वाचून होईपर्यंत उठू द्यायचं नाही. मग विणायच्या सुईनं खळग्यांची खोली मोजायची, मधलं अंतर मोजायचं, आणि तेवढ्या जागी फोम मऊ, बाकी कडक. नवरा आधी हसला. पुढे दोन महिन्यांत तोच गिऱ्हाइकांना सांगायला लागला की ही वाळूची युक्ती आपली म्हणून. मावशी काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं त्यांना आजतागायत डाचत होतं.

शोरूममध्ये मधल्या आकाराच्या क्रूझर मिळायच्या. फटफटी म्हणावी तर भारदस्त, अजस्र म्हणावी तर आटोपशीर. बुटकी, रुंद हँडलची, टाकी पाण्याच्या थेंबासारखी. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना शोरूम ती सजवून द्यायचं. पुढे उंच काच, पायांना गार्ड, दोन्ही अंगांना कडक बॅगा, मागे डिकी, डिकीला बॅकरेस्ट. सगळं चढलं की शेवटी गाडी सीटसाठी मावशींकडे यायची. त्यांचं पाऊण काम ह्या गाड्यांचंच होतं.

काय हवं ते मॅनेजर आजवर तोंडी सांगायचे. ह्या खेपेला पहिल्यांदाच गाडीबरोबर शोरूमचा छापील फॉर्म आला. मावशींनी चष्मा लावला आणि तो वरून खाली वाचला. वर अर्धं पान 'चालक'. उंची, हातांची लांबी, पायांची लांबी, पाठीचा त्रास आहे का, आवडता रंग, दोऱ्याचा रंग. आणि तळाशी एकच ओळ: 'मागील भार'. त्यापुढे निळ्या शाईत सुबक अक्षरात लिहिलं होतं: पत्नी ५६, बॅगा १८, तंबू ६. एकूण ८० किलो.

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. मग नणंदेला हाक मारली. नणंद विधवा होती, त्यांच्याकडेच राहायची आणि दुकानात हातशिलाई करायची.

"वन्सं, हे वाचा. बायको आणि तंबू, बेरीज करून."

नणंदेनं वाचलं. "बायको पहिली तरी लिहिलीय," ती म्हणाली.

गाडीचे मालक दातांचे डॉक्टर होते. पन्नाशीचे, गुबगुबीत, हसरे. शनिवारी सकाळी सहा जोडपी सहा गाड्यांवर अकरा दिवसांच्या प्रवासाला निघायची होती, डोंगर ओलांडून पलीकडे. डॉक्टर वाळूवर बसले, वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचलं, उठले. माप झालं.

"आता बाईंना पाठवा," मावशी म्हणाल्या.

"तिला कशाला? शाळा असते तिची. माझंच माप घ्या, ती जरा बारीक आहे, इंचभर कमी करा."

"डॉक्टर, तुमच्याकडे एखादा आला नि म्हणाला, बायकोची दाढ दुखतेय, माझीच काढा, तर काढाल?"

नणंद टाका घालता घालता फिस्सकन हसली. डॉक्टरही हसले, पण अर्धवट. "मावशी, गाडी मी चालवणार. तिला काय, मागे धरून तर बसायचंय."

ह्या वाक्यानं मावशींच्या जुन्या जखमेची खपली निघाली. लग्नानंतर चौथ्या वर्षी वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा त्या नवऱ्याच्या मागे बसून सहा तास गेल्या होत्या. गावभराच्या सीट शिवणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीला मागे फळी होती, वर रेक्झिन ताणलेलं. "नंतर करू," म्हणायचा. पोचल्यावर त्यांना गाडीवरून उतरता येईना. वडिलांच्या खाटेशी त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या, वाकून त्यांचा हात हातात घेता आला नाही. आणि नवरा सगळ्यांना सांगत होता, "मी चालवून दमलो नाही, ही नुसती बसून दमली." सगळे हसले होते.

"बाई आल्याशिवाय मागची बैठक कापणार नाही," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले ते हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. काउंटरवर ठेवलं. उलगडलं, तर दातांचे साचे करतात त्या पांढऱ्या प्लास्टरचा हा एवढा गोळा, ट्रेमध्ये ओतलेला, मधे दोन खळगे.

"घ्या! तुमची वाळू विस्कटते. हे पक्कं. काल घरीच घेतलं तिचं माप." चेहऱ्यावर असा आनंद, जणू अक्कलदाढ न दुखवता काढली.

मावशींनी चष्मा लावला. प्लास्टर दातांच्या फटीसुद्धा सोडत नाही, तर दुसरं काय सोडणार? उजव्या खळग्याच्या वर एक चौकोन उमटला होता, पाकिटाएवढा. चौकोनाच्या टोकाला एक गोल ठिपका, त्यात चार बारीक टिंबं.

"बाई मागच्या खिशात पाकीट ठेवतात?"

डॉक्टरांचा हात आपोआप स्वतःच्या मागच्या खिशाकडे गेला.

"खिशाला बटणही आहे." मावशींनी विणायची सुई दोन्ही खळग्यांत धरून अंतर मोजलं, मग कालच्या वहीतलं डॉक्टरांचं माप काढून शेजारी ठेवलं. केसाचाही फरक नव्हता. "आणि बाईमाणसाची ही हाडं एकमेकांपासून लांब असतात. म्हणून तर तुमच्या मापाची सीट तिला बोचते. इंचभर कमी करून नाही भागत, उलट वाढवावं लागतं."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकलं होतं," नणंद पुटपुटली, "हे काय दाखवून झालं?"

डॉक्टर प्लास्टर तिथंच टाकून निघून गेले. तासाभरात मॅनेजरांचा फोन.

"मावशी, गिऱ्हाइकाची चेष्टा करता?"

"मी नाही, त्यांनीच केली. प्लास्टर बघायला या."

"हे बघा, मला सहाही गाड्यांच्या मागच्या सीट शुक्रवारी दुपारपर्यंत हव्यात. सहाच्या सहा एका मापाच्या कापा. लोक गाडी बघतात, मागची सीट कोणी बघत नाही. नसेल जमत तर सांगा, कारखान्यातून तयार सीट येतात. ह्याच नाही, पुढच्याही सगळ्या तिथूनच मागवतो."

"तुमच्या फॉर्मवर 'मागील भार' कोणी छापलं?"

"तांत्रिक शब्द आहे तो. टायरमध्ये हवा किती भरायची त्यासाठी लागतो."

"मग पुढच्या माणसाचं वजन नाही लागत हवेला? डॉक्टर चांगले पंच्याण्णव किलोचे असतील. त्यांच्यापुढे रकानाच नाही. ते काय पिसासारखे तरंगत जाणार?"

मॅनेजरांनी फोन ठेवला.

नणंद सुईत दोरा ओवत होती. ओवला तरी ओवतच राहिली. "वहिनी, पाऊण काम जाईल. पोटावर पाय येईल आपल्या. कापून टाका की. सहा फोम, एक माप, संध्याकाळपर्यंत होईल."

"होईल ना. म्हणूनच राग येतो."

मावशींनी फोमचा ताव माळ्यावरून काढला, मेजावर पसरला, खडू हातात घेतला. एका मापाचा साचा आत होता, पुठ्ठ्याचा, नवऱ्यानं केलेला. तो ठेवून रेघ ओढायला दोन मिनिटं लागली असती. त्या खडू धरून उभ्या राहिल्या. मग ताव होता तसा गुंडाळून परत माळ्यावर ठेवला.

गुरुवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत एक बाई दुकानात आल्या. बारीक, ताठ, बोटांना खडू. "माझं माप कोणी दिलंय, ते बघायला आले," म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या पत्नी, भूगोल शिकवायच्या.

"तुम्हाला कसं कळलं?" नणंदेनं विचारलं.

"मंगळवारी रात्री आमचे हे न्हाणीघरातून हाका मारायला लागले. प्लास्टर सुकताना तापतं, हे दातांच्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं की नको? भाजलं म्हणून उठायला गेले, तर पँट त्यात अडकलेली. मीच कातरली. कशाला बसला होता विचारलं तर म्हणे, दवाखान्यासाठी नवा प्रयोग. काल संध्याकाळी जेवताना तोंडून निघालं."

नणंदेच्या हातातली सुई पडली. तिघी हसल्या, बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मावशींनी फॉर्म पुढे केला. बाईंनी तो वही तपासल्यासारखा बोट ठेवून वाचला. तळाशी आल्यावर बोट थांबलं.

"हे अक्षर ह्यांचं."

"हो."

"बेरीज बरोबर आहे," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. फॉर्म त्यांनी काउंटरवर ठेवला तो उलटा करून.

"तुम्हाला जायचंय तरी का?" मावशींनी विचारलं.

"जायचंय! एकोणीस वर्षं ते घाट नकाशावर बोट ठेवून शिकवतेय. मुलं विचारतात, बाई, तिथं थंडी असते का? मी म्हणते, पुस्तकात असते." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "मागे बसून माझी कंबर तासाभरात दुखते. मला वाटायचं, माझीच कंबर खराब."

"कंबर नाही हो. फळी खराब."

बाई वाळूवर बसल्या. वर्तमानपत्र नको म्हणाल्या, दाराबाहेर बघत बसल्या. खळगे निघाले ते डॉक्टरांच्या मापापेक्षा दोन बोटं लांब, आणि उजवा डाव्याहून खोल, वर्षानुवर्षं एका अंगावर रेलून बसल्याचा. मावशींनी ती बैठक शुक्रवारी सकाळी पुरी केली. डावीकडे पाव इंच भर, मागे कमरेला टेकू, काळा दोरा. पुढचीही सोबत दिली. उरलेल्या पाच गाड्यांचे चालक वाळूवर बसून गेले होते, त्यांच्या फक्त पुढच्या सीट दिल्या आणि मागच्या सीटचे नुसते तळ जसे आले तसे परत पाठवले. पाचही फॉर्मांवर 'भार' खोडून वर लिहिलं: माणूस. माप घ्यायला पाठवणे.

कोणालाही पाठवलं नाही. मॅनेजरांनी पाच तयार सीट बसवल्या आणि शब्दाला जागले. पुढचे पाच आठवडे शोरूमची एकही गाडी गल्लीत आली नाही. मावशी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या शिवत होत्या, डॉक्टरांच्या दवाखान्यातली खुर्चीसुद्धा आली नाही. नणंद चहा करताना साखरेच्या डब्यात डोकावून बघायची, आणि ते बघणं मावशींना दिसायचं.

सहाव्या आठवड्यात मॅनेजर स्वतः आले. एका हातात गिऱ्हाइकानं परत केलेली एक तयार सीट, दुसऱ्या हातात नवा छापलेला फॉर्म. दारातच उभे राहिले.

"पाचांतल्या दोघी चौथ्या दिवशी बसनं परत आल्या," ते म्हणाले, जणू त्या दोघींनी शोरूमची काच फोडली होती. "तिसरीनं शेवटचे चार दिवस टपऱ्या-टपऱ्यांवर उभं राहून काढले. सगळे नवरे माझ्या डोक्यावर बसलेत. आजकालच्या बायका नाजूकच फार."

"डॉक्टरांच्या बाई?"

"त्या ठीक. घाटात फोटो काढत होत्या." ही बातमी त्यांनी घाईनं संपवली. "आता फॉर्म बदललाय. 'मागील बैठक' छापलंय. वर्षभराच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे. सही करा म्हणजे मोकळे."

"वाचल्याशिवाय सही करत नाही. बसा."

बसायला स्टूल होतं. मावशींनी त्यावर त्यांनीच आणलेली तयार सीट ठेवली. मॅनेजर बसले. मावशींनी चष्मा पुसला, लावला, आणि फॉर्म वरच्या ओळीपासून वाचायला घेतला. मधेच उठून यंत्रावरची एक शिवण पुरी केली, पुन्हा वाचायला बसल्या. पंधरा मिनिटांनी मॅनेजर डावीकडे झुकले. वीस मिनिटांनी उजवीकडे. मग दोन्ही हात मांड्यांवर दाबून किंचित वर उचलले गेले.

"मावशी, झालं का?"

"चालकाच्या वजनाचा रकाना अजून नाही."

"घालतो! पेनानं घालतो, पुढच्या वेळी छापतो." ते उठायला लागले.

"बसा हो," मावशी म्हणाल्या, "तुम्हाला काय, नुसतं बसायचं तर आहे. अजून दुसरं पान राहिलंय."