मताच्या लिफाफ्यावरचा शिक्का

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.कॉम., फर्स्ट क्लास. आखातात, फुजैराच्या ऑफिसात माझ्या हातून गेलेला कागद कधी परत आला नव्हता, आणि हे मी चारचौघांत सांगायचेही.

आमच्या अमेरिकन मॅडम तेलाच्या टाक्या तपासायच्या. त्यांची सही झाल्याशिवाय टाकीत तेल भरत नाहीत. त्यांच्या राज्यात अध्यक्षपदाची प्रायमरी होती. पक्षाचा उमेदवार कोण, ते तिथे लोकच मत देऊन ठरवतात. मॅडमचं मत कुरिअरने जायचं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं.

"म्हणजे तिकिटासाठीच मतदान?" आमचा गुहागरचा ड्रायव्हर हसला. "ताई, आपल्याकडे तिकीट वरून येतं, मग आपण मत देतो."

"तू शेवटचं कधी दिलंस?"

"तुम्ही दिलंत तेव्हाच!"

मत द्यायचं तर आम्हाला गावी जावं लागतं. त्यामुळेच असेल, मॅडमचा लिफाफा मी जरा जास्तच जपला. त्यावर मॅडमनी सही केली होती, त्या बाजूची सवयीने आधी कॉपी काढली. मग चिकटवलेल्या कडेवर कंपनीचा गोल शिक्का मारला. इथे शिक्क्याशिवाय कागदाला विचारतं कोण? अर्धा शिक्का मॅडमच्या सहीवर आला. मला तर ते पक्कं काम वाटलं.

निकाल लागला. मॅडमचा उमेदवार सपाटून हरला. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण निवडणुकीच्या वेबसाइटवर त्यांचं मत बाद दाखवत होतं: लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी पटली नाही. दुरुस्तीची मुदतही खलास.

"माझाच हात," त्या म्हणाल्या. हल्ली त्यांचा उजवा हात थरथरायचा. "स्वतःची सही नीट होत नाही, तर टाक्यांवर कशाच्या भरवशावर करू?" राजीनामा टाइप करायला त्यांनी मलाच सांगितलं.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं, "मॅडम, हात नाही, शिक्का. मी मारला."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कॉपी आहे?"

शिक्क्याआधीची कॉपी मी समोर ठेवली, शेजारी त्यांच्या पासपोर्टची. दोघी वाकून बघत राहिलो. पहिलं अक्षर हुबेहूब होतं. शेवटची रेघ मात्र कापत कापत खाली गेली होती.

"तिकडे फोन करून विचारूया?"

"केला. सही पटली नाही, एवढंच सांगतात."

"शिक्क्यामुळेच असणार, मॅडम."

"खात्री आहे तुला?"

मी कॉपीवरची ती शेवटची रेघ पुन्हा एकदा बघितली.

त्यांनी टेबलावरचा एका टाकीचा फॉर्म पुढे ओढला. पेन उघडलं. कागदावर टेकवलं नाही.

"टाइप कर," म्हणाल्या.

मी जागेवर येऊन बसले आणि पत्राच्या वर त्या दिवसाची तारीख घातली.